बिअरवालीवरचा चुना

सफकमधलं अ‍ॅशलिंगफील्ड. मार्च महिना.
देवळात बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी.
परांचीवर आडवी होऊन
मी नरकावरचा चुना काढते आहे,
स्काल्पेलनं, नखाएवढा,
मग ओला बोळा, मग पुन्हा नखाएवढा.

पावणेपाचशे वर्षांपूर्वी वरून हुकूम आला
आणि गावानं बादल्या कालवल्या,
स्वर्ग नि नरक एकाच कुंचल्यानं पांढरे केले.
तेव्हापासून इथली माणसं
कोऱ्या भिंतीकडे बघत मेली.
घाबरायची ती तरीही घाबरलीच, म्हणतात थर्केटल,
देवळाच्या किल्ल्या सांभाळणारे.
त्यांची आजी मरताना म्हणत राहिली, जळका वास येतोय.
शेजाऱ्यानं शेतात धसकटं पेटवली होती.

आधी निघाला जबडा.
माशाचा की मांजराचा, ठरत नाही.
त्यात एक राजा मुकुटासकट,
एक बिशप टोपीसकट,
बाकी अंगावर काही नाही.
आणि सगळ्यांच्या मागे, सैतानाच्या खांद्यावर
एक बाई. हातात माप.
‘ही बिअरवाली!’ थर्केटल खालून ओरडले,
‘माप कमी द्यायची.
बाकी सगळे सुटतील, ही नाही.’

बोळा तिथंच थांबला.

शांतवन भिंगारदिवे. नेवासा फाट्याचं रेशन दुकान.
माझे वडील.
रॉकेलच्या लिटरला बुडाशी पोचा होता.
पोचा आपोआप आला नव्हता,
शनिवारी रात्री पांघरुणातून मी हातोडी ऐकली होती.
रविवारी शब्बाथशाळेत त्यांनी फळ्यावर
दोन वाटा काढल्या, एक अरुंद, एक रुंद,
आणि रुंद वाटेच्या टोकाला
लाल खडू मोडेस्तोवर गिरवला.
रांगेतल्या बायका कधी काही बोलल्या नाहीत.
एक गिरजाबाई तेवढी
बाटली उजेडात धरायची,
बघायची,
बूच लावायची.

सिव्हिल हॉस्पिटलात, शेवटच्या रात्री, म्हणाले,
वर वजन करतात का गं,
की नुसतं नाव विचारतात?
मी म्हटलं, झोपा.
त्या ‘झोपा’ला सव्वीस वर्षं झाली.

जबड्याच्या वर देवदूत, हातात तराजू.
एका पारड्यात इवलासा नागडा जीव,
दुसऱ्याला दोन भुतं लोंबकळलेली,
पाय आखडून, असेल नसेल तेवढा भार टाकून.
इथवर मला ठाऊक होतं.
काल जिवाकडच्या पारड्यावरचा चुना निघाला.
तिथं एक हात आहे.
मरियेचा.
नजर भलतीकडेच ठेवून
ती पारड्याच्या कडेला जपमाळ टेकवते आहे.

आमच्या मिशनच्या देवळात मरिया
फक्त नाताळात यायची,
म्हणून हे कुणी सांगितलंच नाही मला
की तिथंही अंगठा लागतो.
की वरच्या दुकानातही
मापात पाप आहे.

मी एवढ्या मोठ्यानं हसले की परांची हलली.
‘काय झालं?’ थर्केटल.
काही नाही, म्हटलं. धूळ.

आता राहिला तिचा चेहरा.
राजावर चुन्याचा एक हात, बिशपवर एक,
तिच्यावर तीन.
कुणी दिले असतील?
नातवानं. किंवा उधारी थकलेल्या कुणी.
किंवा दुपार उतरली होती, बादलीत उरला होता,
एवढंच.
आमच्याकडे चुना लावणं म्हणजे फसवणं.
हा तर थंडीत कुणी
कुणाच्या तोंडावरून पांघरूण ओढावं
तसा लावलेला.

अहवालात लिहिलं:
येथील थर घट्ट. काढल्यास रंग जाईल.

थर काही इतका घट्ट नव्हता.
पैसे पूर्ण घेतले.
काम
दोन बोटं कमी.